तीनशे माणसांचं गाव, त्याला कौन्सिल आणि बिनपगारी मेयर: जर्मन खेड्याचा कारभार चालतो कसा

जर्मनी म्हटलं की आपल्याला बर्लिन, म्युनिक, गाड्यांच्या कंपन्या आणि फार तर ऑक्टोबरफेस्ट आठवतं, पण नकाशा जरा झूम करून बघितला की कळतं हा देश केवढा खेड्यांचा आहे ते. दहा हजारांवर गेमाइंडे आहेत तिथे. गेमाइंडे म्हणजे लोकांनी निवडून दिलेली कौन्सिल, मेयर आणि स्वतःचं बजेट असलेलं सगळ्यात खालचं सरकारी युनिट, मग ते पंधरा लाखांचं म्युनिक असो नाहीतर आयफेल डोंगरातलं डिअरफेल्ड, जिथे मुळात राहतातच दहाएक माणसं. कायद्याच्या नजरेत दोघंही गेमाइंडेच. आता दहा माणसांच्या गावाला मेयर म्हटल्यावर हसू येणारच, आणि लगेच डोक्यात येतं की एवढ्याशा गावाचा हिशोब कोण ठेवतं, टॅक्सची बिलं कोण पाठवतं, ऑफिस कुठाय, क्लार्कचा पगार कोण देतं? उत्तर असं की ऑफिस त्या गावात नाहीच, आणि ते का नाही हे समजायचं तर दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

मी यासाठी एक ठराविक कोपरा घेतोय, वेस्टरवाल्ड नावाचा डोंगराळ भाग, कोलोनहून ऱ्हाइन नदी ओलांडून आग्नेयेला निघालं की लागतो तो. तिथल्या आल्टनकिर्खन जिल्ह्यात वायरबुश नावाचं गाव आहे, लोकसंख्या साधारण दीड हजार, म्हणजे त्या भागाच्या मानाने चांगलं मोठंच, कारण आजूबाजूची कित्येक गावं दोनशे-तीनशे माणसांची आहेत. हेच गाव का, तर १८४५ मध्ये इथे एक तरुण मेयर म्हणून आला आणि त्याने जे उद्योग केले त्याचा धागा फिरत फिरत थेट आपल्याकडच्या गावोगावच्या सोसायटीपर्यंत येतो. ते पुढे सांगतोच.

आधी हे गाव होतं कोणाचं? याचं उत्तर दर पिढीला बदलायचं. जुन्या काळी साइन नावाच्या काउंट घराण्याचं. सतराव्या शतकात त्या घराण्याची वाटणी झाली आणि आल्टनकिर्खनचा भाग लग्नातून, वारशातून आधी साक्सन-आयझेनाखच्या ड्यूककडे गेला, तिथला वंश संपल्यावर १७४१ मध्ये ब्रांडेनबुर्ग-आन्सबाखकडे, १७९१ मध्ये प्रशिया या बलाढ्य जर्मन राज्याकडे, मग नेपोलियनच्या धामधुमीत नासाऊकडे आणि १८१५ च्या व्हिएन्ना काँग्रेसनंतर परत प्रशियाकडे. शेतकऱ्याला यातलं काय कळत असेल कोण जाणे, त्याच्यासाठी सारा कोणाकडे भरायचा तेवढंच बदलत होतं. गावातले रोजचे प्रश्न, म्हणजे कुरण कोणाचं, जंगलातून लाकूड किती तोडायचं, विहीर कोणी साफ करायची, हे गावातलेच लोक आपापसात ठरवायचे. आजच्या कौन्सिलचं मूळ खरं तर तिथे आहे, राजांच्या यादीत नाही.

प्रशियाने मात्र आल्या आल्या सगळं शिस्तीत बसवायला घेतलं. १८१६ मध्ये आल्टनकिर्खनचा क्राइस, म्हणजे जिल्हा तयार झाला, आणि तो मधली महायुद्धं वगैरे सगळं पचवून आजही जवळपास तसाच आहे. पण जिल्हा आणि गाव यांच्यामध्ये काहीतरी हवं होतं, कारण पन्नास घरांच्या गावात लिहितावाचता येणारा, हिशोब ठेवणारा सरकारी माणूस बसवणं परवडण्यासारखं नव्हतं. ऱ्हाइनच्या पश्चिम काठावर फ्रेंचांनी आधीच एक युक्ती करून ठेवली होती, चार गावं मिळून एक मेयर. प्रशियाने फ्रेंचांना हाकललं पण त्यांची युक्ती ठेवून घेतली आणि नदीच्या या बाजूलाही लावली. त्याला नाव दिलं ब्युर्गरमायस्टराय. म्हणजे गाव गावच राहिलं, त्याची जमीन, जंगल, कर्ज त्याचंच राहिलं, गावात एक मुखिया असायचा, पण कागदपत्रं, शाळा, रस्ते, पोलीस, गरिबांची मदत हे सगळं पंधरा-वीस-तीस गावांवर एकच ब्युर्गरमायस्टर बघायचा. आणि हा माणूस लोकांनी निवडलेला नसायचा, सरकारने नेमलेला असायचा. आपल्याला मेयर म्हटलं की निवडणूक आठवते, तेव्हाचा वायरबुशचा मेयर हा खरं म्हणजे पगारी सरकारी अधिकारी होता.

१८४५ मध्ये ऱ्हाइन प्रांतासाठी गेमाइंडेंचा नवा कायदा आला, त्यात गावांना निवडलेली कौन्सिल मिळाली पण मतदान कसं, तर टॅक्स भरणाऱ्या पुरुषांचे तीन गट, कोण किती टॅक्स भरतो त्यावरून, आणि प्रत्येक गटाला एक तृतीयांश जागा. वरच्या गटात गावातले दोन-चार मोठे जमीनदार आणि खालच्या गटात उरलेले सगळे, तरी जागा सारख्याच. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला मतच नाही, बायकांचा तर प्रश्नच नव्हता. हे तीन गटांचं प्रकरण नंतर सगळ्या प्रशियाच्या विधानसभेलाही लावलं गेलं आणि ते १९१८ पर्यंत टिकलं.

त्याच वर्षी वायरबुशला फ्रीडरिश विल्हेल्म राइफायझन नावाचा जेमतेम २६-२७ वर्षांचा माणूस ब्युर्गरमायस्टर म्हणून आला. जन्म १८१८ चा, जवळच्याच हाम गावातला, वडीलही काही काळ तिथले मेयर होते. आधी सैन्यात तोफखान्यात होता, डोळ्यांच्या आजाराने ती नोकरी सुटली, मग सरकारी ऑफिसात काम करून इथे पोचला. त्याच्या हाताखाली वीसेक गावं आली, सगळी गरीब, जमीन हलकी, वारसाहक्काने तुकडे झालेली, रस्ते असे की पावसाळ्यात बैलगाडी निघायची नाही.

आणि दुसऱ्याच वर्षी दुष्काळ. १८४६ ला धान्य बुडालं, बटाट्यावर तर आधीपासूनच रोग होता, आयर्लंडमध्ये ज्याने हाहाकार उडवला तोच, आणि १८४६-४७ च्या हिवाळ्यात या डोंगरात लोक अक्षरशः उपाशी राहिले. प्रशियाच्या सरकारने थोडं पीठ पाठवलं, पण अट अशी की रोख पैसे घेऊनच द्या. ज्याच्याकडे रोख आहे तो कशाला सरकारी पिठाच्या रांगेत उभा राहील? राइफायझनने ती अट बाजूला ठेवून उधारीवर वाटलं असं सांगतात. मग त्याने गावातल्या पैसेवाल्यांना बसवून एक ब्रेड-मंडळ काढलं, त्यांनी पैसे घालायचे, त्यातून बाहेरून धान्य विकत आणायचं, गावाने बांधलेल्या सार्वजनिक भट्टीत ब्रेड भाजायचा आणि बाजारभावापेक्षा बराच स्वस्त, तोही उधारीवर द्यायचा, पीक आलं की पैसे फेडा. ही भट्टी, तिकडे तिला बाकहाउस म्हणतात, त्या भागात काही नवीन गोष्ट नव्हती, कारण घरोघरी भट्टी पेटवण्यापेक्षा गावाची एक पेटवून सगळ्यांनी पाळीपाळीने भाजणं लाकडाच्या दृष्टीने परवडायचं. नवीन काय होतं तर ती उधारी सांभाळणारं मंडळ.

त्याच काळात त्याने रस्त्याचंही काढलं. या डोंगरातला माल ऱ्हाइनवरच्या नॉयवीडच्या बाजारात पोचला तरच शेतकऱ्याच्या हातात पैसा येणार हे त्याचं साधं गणित होतं, म्हणून गावागावांना कामाला लावून त्याने रस्ता पुढे सरकवला आणि पुढच्या नेमणुकांमध्येही तेच काम चालू ठेवलं. आज हामपासून नॉयवीडपर्यंतच्या त्या रस्त्याला त्याचंच नाव आहे. मला स्वतःला त्याच्या बँकेपेक्षा हा रस्ता जास्त आवडतो, कारण मेयरचं काम म्हणजे नेमकं काय हे त्यात दिसतं. वीस गावांना एकच मेयर असल्यामुळे रस्ता वीस गावांतून सलग जाऊ शकला, प्रत्येक गाव आपापला तुकडा बांधत बसलं असतं तर तो कधी जोडला गेला असता देव जाणे.

१८४८ ला त्याची बदली फ्लामर्सफेल्डला झाली, तिथे तीसेक गावं. तिथला रोग वेगळा, गुरांची उधारी. शेतकऱ्याकडे गाय घ्यायला पैसा नाही म्हणून तो व्यापाऱ्याकडून उधारीवर घ्यायचा, व्याज असं काही की दोन वर्षांत गायही जायची आणि कधीकधी जमिनीचा तुकडाही. १८४९ मध्ये त्याने ६० सधन लोक गोळा केले, त्यांनी आपली सगळी मालमत्ता जामीन ठेवली, त्या जोरावर बाहेरून कर्ज उभं केलं आणि गरीब शेतकऱ्याला गाय घेऊन दिली, पैसे पाच वर्षांत हप्त्यांनी फेडायचे. इथे एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, कारण त्याच्यावरच्या कौतुकाच्या लेखांमध्ये ती गाळली जाते, त्या भागातले गुरांचे बरेच व्यापारी ज्यू होते आणि राइफायझनच्या नंतरच्या लिखाणात त्यांच्याबद्दल द्वेषाची भाषा आहे. पुढच्या शतकात अशा भाषेचं जर्मनीत काय झालं ते जगाला माहितीये.

मग १८५२ पासून हेडेसडोर्फ, जे आता नॉयवीड शहरात गेलंय. इथे त्याला कळलं की श्रीमंतांच्या दयेवर मंडळ चालत नाही. १८५४ मध्ये काढलेल्या धर्मादाय संस्थेतून अनाथ मुलांपासून सुटलेल्या कैद्यांपर्यंत सगळ्यांचं भलं करायचं ठरलं होतं, पण पैसे देणाऱ्यांचा उत्साह हळूहळू आटला, कारण जोखीम त्यांची आणि फायदा दुसऱ्याचा, असं किती दिवस चालणार. म्हणून पुढच्या संस्थांमध्ये नियम उलटा केला, १८६२ ला आनहाउझनला आणि १८६४ ला हेडेसडोर्फला, की ज्याला कर्ज हवं त्याने आधी मेंबर व्हायचं, आणि प्रत्येक मेंबर सगळ्यांच्या कर्जाला आपल्या पूर्ण मालमत्तेनिशी जबाबदार. मग शेजारी कर्ज कशाला घेतोय, बियाण्याला की दारूला, यावर सगळ्यांचं आपोआप लक्ष. त्यासाठी संस्था लहानच हवी, एका गावाची किंवा एका चर्चच्या हद्दीतली, जिथे सगळे एकमेकांना ओळखतात. संचालक मंडळाला पगार नाही, फक्त हिशोब लिहिणाऱ्याला मोबदला. नफा वाटायचा नाही, गंगाजळीत टाकायचा. हे सगळं त्याने १८६६ मध्ये पुस्तकात लिहून काढलं, तोवर डोळे पार गेले होते, नोकरीही आदल्या वर्षी सुटली होती आणि मुलगी अमाली त्याचं लिहिण्या-वाचण्याचं काम करत होती.

आता आपला धागा. १८९० च्या दशकात मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन नावाच्या अधिकाऱ्याला युरोपात पाठवलं, शेतकऱ्याला सावकाराच्या तावडीतून कसं सोडवायचं ते बघून ये म्हणून. त्याने दोन जाडजूड खंडांचा रिपोर्ट दिला, १८९५ आणि १८९७ ला, आणि त्याचं सार त्याने दोन शब्दांत सांगितलं: राइफायझन शोधा. त्यातून पुढे १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, ज्यात खेड्यातल्या सोसायट्यांसाठी मेंबरांची अमर्याद जबाबदारी ठेवली होती, सरळ सरळ वेस्टरवाल्डचा नियम. १९०५ मध्ये तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, धारवाड जिल्ह्यातल्या कणगिनहाळला सिद्धनगौडा पाटलांनी देशातली पहिली शेती पतसंस्था काढली, आणि आज महाराष्ट्रात पीककर्ज घ्यायला ज्या विकास सोसायटीत आपण जातो ती याच घराण्यातली. सोसायटीच्या निवडणुकीत काय काय चालतं ते राइफायझनने बघितलं असतं तर काय म्हणाला असता हा वेगळा विषय.

बरं, परत कारभाराकडे. राइफायझनसारख्यांचं ते ब्युर्गरमायस्टराय पुढे १९२७ मध्ये आम्ट या नावाने चालू राहिलं, पाटी बदलली, काम तेच. पहिल्या महायुद्धानंतर बायकांसकट सगळ्यांना मत मिळालं आणि तीन गटांची भानगड संपली. पण पंधरा वर्षांत नाझी आले, आणि ३० जानेवारी १९३५ च्या गेमाइंडे कायद्याने खेड्यापर्यंत एकच नियम लावला, मेयर वरून नेमलेला, कौन्सिलही नेमलेली, तिने फक्त सल्ला द्यायचा, मतदान नाही. म्हणजे बोलायचं तर गाव होतं, सभा होती, पण ठरवायचं काही नव्हतं. १९४५ नंतर हा भाग फ्रेंचांच्या ताब्यात आला, ऑगस्ट १९४६ मध्ये त्यांनी ऱ्हाइनलँड-फाल्ट्स नावाचं नवंच राज्य बनवलं आणि सप्टेंबरमध्ये पहिल्या निवडणुका घेतल्या कुठल्या, तर गावांच्या. देशाला अजून संविधान नव्हतं, १९४९ ला जे आलं त्याच्या कलम २८ मध्ये तर स्पष्टच लिहिलं की स्थानिक प्रश्न कायद्याच्या चौकटीत स्वतःच्या जबाबदारीवर सोडवायचा हक्क गेमाइंडेंना आहे.

आता खरी मजा १९६० च्या दशकाची. तेव्हा सगळ्या पश्चिम जर्मनीत एकच हवा होती, एवढी बारकी बारकी गावं कशाला, जोडून टाका. शेजारच्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याने खरोखरच जोडून टाकली, इतकी की आज तिथे जवळपास १ कोटी ८० लाख लोक आणि गेमाइंडे फक्त ३९६. ऱ्हाइनलँड-फाल्ट्समध्ये लोक साधारण ४१ लाख आणि गेमाइंडे सुमारे २,३००! वायरबुशच्या उत्तरेला काही किलोमीटरवर राज्याची हद्द ओलांडली की विंडेक लागतं, तिथे १९६९ मध्ये बरीच खेडी एकत्र करून एकच गेमाइंडे केली, डोंगर तेच, घरं तशीच, भाषा तीच, पण तिथल्या पन्नास-साठ वाड्या-वस्त्यांना मिळून एक कौन्सिल आणि इकडे शंभर माणसांच्या गावाला स्वतःची.

इकडे ते तसं का राहिलं, तर राज्याने जुनीच युक्ती पुढे नेली. आम्ट होतंच, त्याचं १९६८ मध्ये नाव केलं फरबांड्सगेमाइंडे, आपण सोयीसाठी फरबांड म्हणू, त्याला लोकांनी निवडलेली स्वतःची कौन्सिल दिली आणि बहुतेक गावांना हात लावला नाही. विरोध कमी, खर्च आटोक्यात. २०२० च्या १ जानेवारीला आल्टनकिर्खन आणि फ्लामर्सफेल्ड हे दोन फरबांड एकत्र झाले, आता त्या एका फरबांडखाली साठाहून जास्त गावं आहेत, म्हणजे जोडाजोडी होतेच, फक्त ती ऑफिसांची होते, गावांची शक्यतो नाही.

कामाची वाटणी अशी. प्राथमिक शाळा, फायर ब्रिगेड, नळाचं पाणी, सांडपाणी आणि जमीन वापराचा मोठा आराखडा फरबांडकडे. बालवाडी बहुतेक ठिकाणी गावाकडे, गावातले रस्ते, दिवे, स्मशानभूमी, खेळाचं मैदान, समाजमंदिर, गावाचं जंगल हे गावाकडे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरं कुठे आणि कशी बांधायची याचा तपशीलवार प्लॅन मंजूर करणं हेही गावाकडे. यावरून गावात जेवढी भांडणं होतात तेवढी दुसऱ्या कशावरून होत नसतील, कारण शेताचा प्लॉट झाला की किंमत कुठल्या कुठे जाते. पण यातल्या कुठल्याच गोष्टीची फाइल गावात नसते. गावाचं बजेट मांडणं, टॅक्सची बिलं काढणं, पैसे सांभाळणं, टेंडर, वकील, सगळं फरबांडचे पगारी लोक गावाच्या नावाने करतात. गावाने ठरवायचं, फरबांडने लिहायचं.

म्हणूनच गावच्या मेयरला, त्याला ओर्ट्सब्युर्गरमायस्टर म्हणतात, पगार लागत नाही. दिवसा तो किंवा ती नोकरी करते, शेती करते नाहीतर रिटायर झालेली असते, आणि लोकसंख्येनुसार ठरलेला थोडा मानधन-खर्च मिळतो. फरबांडचा मेयर मात्र फुलटाइम, पगारी, आठ वर्षांसाठी निवडलेला. राइफायझनच्या खुर्चीचा आजचा वारस शोधायचा तर तो हा, गावातला नव्हे, फरक एवढाच की याला सरकार नेमत नाही, लोक निवडतात. सोसायटीत जसं संचालक फुकट आणि हिशोबनीस पगारी तसंच हे झालं, फक्त इथे हिशोबनीस पूर्ण ऑफिसच आहे आणि तो गावात बसत नाही.

कौन्सिल पाच वर्षांसाठी. ३०० पर्यंत लोकवस्ती असेल तर ६ मेंबर, ५०० पर्यंत ८, हजारापर्यंत १२, अडीच हजारापर्यंत १६. मतदान करायची पद्धत पहिल्यांदा बघितली की गोंधळायला होतं, जेवढ्या जागा तेवढी मतं प्रत्येकाला, एका उमेदवाराला तीनपर्यंत देता येतात, वेगवेगळ्या पॅनलमधली माणसं निवडता येतात. पण खरी गंमत छोट्या गावात, जिथे एकच पॅनल असतं किंवा एकही नसतं, तिथे मतपत्रिकेवर मतदार स्वतःच्या हाताने नावं लिहितो, गावातल्या कोणाही पात्र माणसाचं. उभं न राहताही माणूस निवडून येऊ शकतो! मग दुसऱ्या दिवशी फोन येतो, अभिनंदन, तुम्ही कौन्सिलवर आहात, नको असेल तर नाही म्हणायची सोय असते. राष्ट्रीय पक्षांची नावं अशा गावांत फारशी दिसतच नाहीत.

मेयर १९९४ पासून थेट लोकांतून. ९ जून २०२४ ला युरोपियन निवडणुकीबरोबरच ह्या सगळ्या निवडणुका झाल्या आणि राज्यातल्या बऱ्याच गावांत मेयरपदाला कोणी उभंच राहिलं नाही. अशा वेळी नवीन कौन्सिल आपल्यातून किंवा बाहेरून कोणालातरी राजी करून निवडते, ते होईपर्यंत उपमेयर गाडा ओढतो. लोक का तयार नसतात ते समजायला फार डोकं लागत नाही, कामावरून थकून यायचं आणि संध्याकाळी शेजाऱ्याचा फोन की बर्फ का नाही काढला, आणि वर खिशात पैसा नाही.

पैसा हाच दुखरा मुद्दा आहे. गावाला मिळतं काय, तर घर आणि जमिनीवरचा टॅक्स, धंद्यावरचा टॅक्स, गावात राहणाऱ्यांच्या इन्कम टॅक्समधला ठराविक वाटा आणि हो, कुत्र्यांवरचा टॅक्स. घर आणि धंद्याच्या टॅक्सचा दर किती हे गाव स्वतः ठरवतं, एका गुणकाने. धंद्याचं उदाहरण घ्या: कायद्याने ठरलेला पाया नफ्याच्या ३.५ टक्के, गावाने गुणक ४०० टक्के ठेवला की झाले १४ टक्के. ऐकायला केवढं स्वातंत्र्य वाटतं. पण राज्य सरकार अनुदान मोजताना असं धरून चालतं की गावाने अमुक गुणक लावलाच आहे, आणि २०२३ पासून घरांसाठीचा हा धरलेला गुणक ३६५ वरून ४६५ झाला. गावाने कमी ठेवला तर जे मिळालंच नाही तेही मिळालं असं धरून अनुदान कापलं जातं, आणि जिल्ह्याला आणि फरबांडला द्यायचा वाटाही त्याच हिशोबाने. मग कौन्सिल हात वर करून दर वाढवते आणि शिव्या गावातल्या माणसाला बसतात, राजधानी माइन्समधल्या मंत्र्याला नाही. ही पद्धत मला तरी चलाखीचीच वाटते.

रस्त्यांचंही असंच. पूर्वी तुमच्या दारासमोरचा रस्ता नव्याने बांधला की त्या रस्त्यावरच्या घरमालकांना एकदम बिल, काहींना हजारो युरोंचं, म्हातारी माणसं हादरून जायची. २०२० च्या कायद्याने ते बदललं, आता सगळ्या गावाने किंवा त्या भागाने मिळून थोडं थोडं भरायचं, प्लॉट केवढा आणि मजले किती चालतात त्यावरून, आणि किमान २० टक्के गावाच्या तिजोरीतून. एकाचा बोजा कमी झाला, पण आता ज्याचा रस्ता चकाचक आहे तो विचारतो मी पलीकडच्या गल्लीचे पैसे का भरू.

एके काळी जंगल हा गावाचा गल्ला होता, स्प्रूस झाडं तोडून विकायची आणि त्यातून समाजमंदिराचं छप्पर करायचं. २०१८ पासूनच्या कोरड्या उन्हाळ्यांनी आणि सालीखालच्या किड्याने वेस्टरवाल्डातले डोंगरच्या डोंगर बोडके केले, मेलेलं लाकूड मिळेल त्या भावाने विकावं लागलं आणि आता लागवडीचाच खर्च. त्यामुळे पवनचक्क्यांकडे डोळे लागलेत, गावाच्या जमिनीवर उभ्या राहिल्या तर भाडं, आणि नुसत्या अडीच किलोमीटरच्या आत असल्या तरी कंपनी प्रत्येक युनिट विजेमागे ०.२ सेंटपर्यंत रक्कम आसपासच्या गावांना देऊ शकते, केंद्राच्या कायद्यात तशी सोय आहे. मग एका गावाला भाडं आणि पलीकडच्या गावाला आवाज असले वाद सुरू.

आपल्यापैकी कोणी नोकरीनिमित्त अशा गावात राहायला गेलं तर मतदानाचं काय? युरोपियन युनियनच्या नागरिकांना स्थानिक निवडणुकीत मत आहे, भारतीय पासपोर्टवर नाही, कितीही वर्षं टॅक्स भरला तरी. पण कौन्सिलची मीटिंग सगळ्यांसाठी उघडी असते, काही विषय सोडले तर, आणि तिथे प्रश्नोत्तरांचा वेळ ठेवला तर तो नागरिकांचा नाही, रहिवाशांचा असतो. एखादा विषय कौन्सिलपुढे घ्यायला लावणारा अर्जही रहिवासी म्हणून सही गोळा करून देता येतो, त्यावर मतदानाचं वय न झालेली पोरंही सही करू शकतात. मीटिंग कधी, विषय काय हे फरबांडच्या साप्ताहिक पत्रकात छापून येतं, जे बऱ्याच ठिकाणी घरोघरी फुकट पडतं, कचऱ्याच्या गाडीच्या तारखा, फायर ब्रिगेडच्या जत्रेची जाहिरात आणि नव्वदी गाठलेल्यांची नावं यांच्या शेजारी. भाषा सरकारी असते, ट्रान्सलेटरलाही घाम फुटतो, पण तुमच्या गल्लीतला रस्ता कधी खोदणार हे तिथेच आधी कळतं.